सुताराच्या कड्यावरचा यंदाचा बर्फ

थेन : कोणाचा म्हणून विश्वास बसणार नाही, पण तो मेंढा बारा मिनिटं जागचा हलला नाही! डोळ्याची पापणीसुद्धा नाही.

लरू : आधी पायपुसण्यावर उभा राहा. सारं घर आवरून फरशी पुसलीय मी, आणि हा बूट घेऊन निघाला मेंढ्याची गोष्ट सांगत.

डिव्हॉन : फोटो दाखव.

थेन : दाखवतो रे बाबा. दोन दिवस थंडीत काढून आलोय, श्वास तरी घेऊ दे.

डिव्हॉन : तुझ्याकडे श्वास भरपूर आहे. फोटो.

लरू : आणि मेंढा कुठून उगवला? दारात शिरताना डोमकावळा म्हणालास.

थेन : डोमकावळा पहाटे, मेंढा नंतर. लरू, माझी सख्खी बहीण असून तुला माझी एक गोष्ट सरळ ऐकता येत नाही.

लरू : सख्खी आहे म्हणून तर. सदुसष्ट वर्षं ऐकतेय. तुझ्या गोष्टीत जनावरं वाढायला लागली की मला कळतं, मधे काहीतरी लपवलंय.

थेन : ऐक डिव्हॉन, तू ऐक. तुला कळेल यातलं. काल रात्री गाडीतच झोपलो. सकाळी थंडी म्हणजे काय? खिडकीच्या आतल्या बाजूनं माझाच श्वास गोठलेला, नखानं खरवडून काढला. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून दोन्ही काखेत. डावीकडे एक, उजवीकडे एक.

डिव्हॉन : हं. ते बरोबर केलंस.

थेन : कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. पिशवी खाली ठेवली. पाठ वळवली मात्र, डोमकावळ्यानं चोचीनं पिशवीची चेन उघडली!

लरू : झालं सुरू.

डिव्हॉन : ते खरं असतं लरू. उघडतात. आमच्या डब्यातलं सँडविच नेलं होतं एकदा.

लरू : तू त्याला साथ देऊ नकोस. एक तर धड श्वास घेता येत नाही तुला, आणि कावळ्याच्या बाजूनं साक्ष देतोस.

थेन : सँडविच नाही नेलं त्यानं! तिकाटण्यावर कॅमेरा बसवायचा तो स्क्रू नेला. सरळ कड्यावर जाऊन बसला, स्क्रू चोचीत, आणि माझ्याकडे असा बघतोय जसा आमचा बिशप वर्गणीच्या दिवशी बघतो. मी म्हटलं, दे. तो म्हणाला...

लरू : म्हणाला?

थेन : म्हणजे तोंडावर दिसत होतं त्याच्या. मी खिशातलं सुकं मांस दाखवलं. त्यानं नाक मुरडलं.

लरू : कावळ्यानं नाक मुरडलं. बरं.

थेन : आता तिकाटणं निकामी. उजेड फुटायला चार मिनिटं. आणि तेवढ्यात मागून खूर वाजले. हा एवढा मेंढा! शिंगं अशी, गाडीच्या चाकाएवढी. आला, माझ्या शेजारी उभा राहिला, मान खाली घातली. मी काय समजायचं ते समजलो. कॅमेरा ठेवला त्याच्या दोन शिंगांच्या मधे...

लरू : देवा! डिव्हॉन, याला हाकलू का मी?

डिव्हॉन : मेंढा नंतर, थेन. फोटो.

थेन : तुम्हा दोघांना घाई कसली एवढी?

लरू : घाई कसली? परवा सोमवारी सकाळी नऊला आमची पोरगी गाडी घेऊन दारात उभी राहणार आहे, ही घाई! डॉक्टरनं सांगितलंय, एवढ्या उंचीवरची हवा आता याच्या छातीला पुरत नाही. मेसाला जायचं, खाली, वाळवंटात, जिथं बर्फ म्हणजे सरबतात घालायची गोष्ट. पोरीनं तिथं याच्या खोलीत पलंगासमोर एक खिळा ठोकून ठेवलाय. फक्त या एका फोटोसाठी. आणि हा माणूस कालपासून या खिडकीशी बसलाय. ऑक्सिजनची नळी जेवढी पोचते तेवढी ओढून. तुझी गाडी दिसतेय का म्हणून. जेवलासुद्धा नाही नीट.

डिव्हॉन : जेवलो.

लरू : दोन घास बटाटे खाल्लेस. त्याला जेवण म्हणत नाहीत.

थेन : तुझ्याकडे फोटोंची वीस खोकी आहेत डिव्हॉन. त्यातला एखादा लावला असता खिळ्याला तरी...

डिव्हॉन : तुला सांगितलं होतं मी. जुना नको.

थेन : कडा तोच, बर्फ तोच.

डिव्हॉन : एकेचाळीस वर्षं. पहिला चांगला बर्फ पडला, की त्या शनिवारी-रविवारी आपण दोघं सुताराच्या कड्यावर. एकदाही चुकलं नाही. माझं लग्न त्या आठवड्यात आलं तर पुढं ढकललं.

लरू : मला सांगितलं होतं बिशप आजारी आहेत.

डिव्हॉन : बिशप ठणठणीत होते. थेन, यंदा मी नाही. मी नसताना तिथं बर्फ पडतो का, एवढंच बघायचंय मला.

लरू : पडतो. तुम्ही दोघं एवढी मोठी माणसं नाही.

डिव्हॉन : बघायचंय.

थेन : हा घे. हा घे बाबा. येताना औषधांच्या दुकानातल्या फोटोच्या मशीनवर छापून आणला, कडक कागदावर. कडेनं धर, बोटं उमटतील.

(डिव्हॉन फोटो खिडकीच्या उजेडात धरतो. डोळ्यांजवळ नेतो, पुन्हा लांब धरतो.)

लरू : बघू? अगं बाई. थेन! हे तू काढलंस? खाली लालभडक कडा आणि वरच्या प्रत्येक पायरीवर बर्फ, सायीसारखा. आणि ते ज्युनिपरचं झाड, वाकलंय ओझ्यानं. मेंढा असो नाहीतर कावळा, सगळं माफ तुला. बस, गरम चॉकलेट करते. कप बांधलेत खोक्यात, पण काढते.

थेन : बघ. मी म्हणत होतो ना. मेंढ्याचे उपकार. त्याचा श्वास खालून यायचा ना, म्हणून भिंगावर दव धरलं नाही. तुझ्या पलंगासमोर शोभेल डिव्हॉन. सकाळी डोळे उघडलेस की समोर. काय रे? बोल की काहीतरी. तिरका आलाय का जरासा? मेंढा डावीकडे झुकत होता.

डिव्हॉन : बर्फ पांढरा आहे.

थेन : मग काय हिरवा असणार?

डिव्हॉन : तुझा बर्फ पांढरा येत नाही, थेन.

लरू : म्हणजे काय?

डिव्हॉन : कॅमेऱ्याला एवढं पांढरं सहन होत नाही. तो आपल्या मनानं अंधार करतो. सगळं राखाडी. भांडी घासलेल्या पाण्यासारखं. त्याचं ऐकायचं नसतं. मुद्दाम जास्त उजेड द्यायचा. एकेचाळीस वर्षं सांगतोय मी याला. हा म्हणतो, यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कळतं. याच्याकडे सुताराच्या कड्याचे शेकड्यानं फोटो आहेत, आणि एकातही बर्फ पांढरा नाही.

थेन : यंदा ऐकलं तुझं. माणूस सुधारतो.

डिव्हॉन : हा मी काढलाय.

लरू : काय?

डिव्हॉन : चार वर्षांपूर्वी. तुला पाठवला होता तेव्हा, थेन. तुला आवडला होता.

लरू : थेन?

थेन : आवडला होता म्हणूनच तर...

लरू : काय माणूस आहेस तू! मरणाच्या वाटेवर... नाही, तसं नाही, डिव्हॉन, तसं नाही म्हणायचं मला. पण हा! यानं एक गोष्ट मागितली तुझ्याकडे. एक! मी तुला विचारलं होतं, जमणार नसेल तर पलीकडच्या मास्तरांना सांगते, त्यांच्याकडेही कॅमेरा आहे. छातीवर हात मारून म्हणालास, मी जातो. आणि दोन दिवस कुठल्या उबदार खाणावळीत पाय शेकत बसला होतास?

थेन : गेलो होतो मी!

लरू : मेंढ्यावर बसून?

थेन : गेलो होतो. गुरांच्या फाटकापर्यंत.

लरू : फाटकापासून कडा तीन मैलसुद्धा नाही!

थेन : फाटक लावलेलं होतं.

लरू : लावलेलंच असतं ते! गुरं बाहेर जातात नाहीतर. उतरायचं, साखळी काढायची, गाडी आत घ्यायची, साखळी लावायची. आठ वर्षांची पोरं करतात.

थेन : गाडी चालवणारा उतरत नाही. शेजारी बसलेला उतरतो. या सगळ्या भागात तीच रीत आहे. आमच्यात डिव्हॉन उतरतो. शिव्या देत उतरतो, टोपी विसरतो, परत येतो तेव्हा कान लाल झालेले. मग मी म्हणतो, एवढा वेळ?

लरू : आणि शेजारी कोणी नसलं की?

थेन : गाडी थांबवली. दिवे फाटकावर. बसलो. शेजारचं दार उघडेल म्हणून... सवय असते ना. काल संध्याकाळी तासभर बसलो. आज सकाळी परत तासभर. काखेत बॅटऱ्या होत्या, ते खरं आहे.

लरू : आणि मग चालता झालास.

थेन : मग इंधन संपत आलं.

डिव्हॉन : बर्फ होता का?

थेन : फाटकापर्यंत होता. वरच्या दांडीवर चार बोटं. पुढचं मी बघितलं नाही.

डिव्हॉन : हं.

थेन : मी उतरलो असतो रे. खरंच उतरणार होतो. पण गुडघा. थंडीनं गुडघा असा धरला, असा धरला की वाकेचना. त्याच्यापुढे काय चालतं माणसाचं?

डिव्हॉन : थेन, मघाशी आमच्या दारातल्या चार पायऱ्या तू दोन उड्यांत चढलास. मी खिडकीतूनच बघत होतो.