पंधरा मिनिटे जास्त शिजवलेला भुसा

मी, खाली सही करणारा, वय २३ वर्षे, शिक्षण नववीपर्यंत, काम गॅसच्या कारखान्यात भुसा शिजवणे व टाकी सांभाळणे, राहणार कारखान्यामागे बहिणीच्या घरी, स्वतः ठाण्यात हजर राहून सांगतो की,

आमच्याकडे भुसा आम्लाच्या पाण्यात वाफेवर शिजवून त्याचा गोडसर काढा करतात. तो बंद टाकीत जंतूंना देतात. जंतू साखर खाऊन हायड्रोजन सोडतात. कारखाना माझ्या दाजींचा आहे.

सोमवारी सकाळी १०.४० वाजता मी भुसा शिजायला लावला. केमिस्ट मॅडमनी ठरवून दिलेला वेळ २० मिनिटे आहे. कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले होते, "बटाटे नव्हेत हे, आणखी दोन शिट्ट्या द्यायला. जास्त शिजलं की साखर जळते आणि तिचंच विष होतं." परंतु भुसा ओलसर होता. मागच्या खेपेला कच्च्या भुशाने पंप अडला, तेव्हा दाजी सर्वांसमोर म्हणाले होते, "भुसाही तुझ्यासारखाच, अर्धाकच्चा." म्हणून मी ३५ मिनिटे दिली. झाकण उघडल्यावर कडू बदामासारखा वास आला. मी कोणाला बोललो नाही. वहीत ३५ लिहिले.

दुपारी २ वाजता काढा टाकीत सोडला. मॅडमनी लहान बाटलीतले औषध ओतले. टाकीत हायड्रोजन खाणारे दुसरे जंतूही असतात, त्यांना ते औषध रोखते. ते प्रत्येक खेपेला घालतात. मॅडमना ते ओतताना दाजींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

बुधवारी गॅस घेणारे लोक पाहणीला आले. टाकीवरचा गॅस मोजणारा काटा शून्यावर होता. ते गेल्यावर दाजी म्हणाले, "दुसरीकडे नोकरी लागली म्हणून जाता जाता माझी टाकी मारलीत?" मॅडम म्हणाल्या, "मारायची असती तर तुमच्या डोळ्यांदेखत ओतलं असतं का?" दाजींनी त्याच दिवशी तक्रार दिली.

काल सकाळी मी राखीव बरणीतले जंतू दोन बाटल्यांत घेतले. एकीत मागच्या खेपेचा काढा घातला, दुसरीत सोमवारचा उरलेला. औषध कशातच घातले नाही. पहिलीत संध्याकाळी बुडबुडे आले. सोमवारच्या काढ्यात अजूनही नाहीत. दोन्ही बाटल्या व वही हजर करीत आहे.

वही मी दाजींना दाखवली होती. ते म्हणाले, "घरचा माणूस आहेस ना? मग पस्तीसचे वीस कर." मी केले नाही.

येण्यापूर्वी ताईला सर्व सांगितले. तिने ताट वाढले. नंतर म्हणाली, "जेवून जा. तिथं किती वेळ लागेल कुणास ठाऊक."

मॅडमनी टाकीत विष घातले नाही. ते माझ्या हातून तयार झाले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. एका ठिकाणी 'नजरचुकीने' असे लिहिले होते, ते खोडण्यास सांगितले. मी घड्याळाकडे बघत होतो. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.