लीनाचा उपास

नाही हो उज्ज्वलाताई, आकाशपाळणा कुठला पडतोय! वीज गेलीय, दुसरं काय. कलकत्त्यात नव्या आहात म्हणून घाबरता — आम्हाला सवय झालीय, अर्ध्या तासानं येते, कधी दोन तासांनी. तुम्ही दांडी घट्ट धरा आणि खाली बघू नका. मी बघते, उजेड आहे अजून, मला बघायलाच हवं — ती काय आमची लीना, तिकिटाच्या खोपटापाशी, लाल स्वेटर. शेजारी पांढऱ्या साडीत आमच्या खालच्या मजल्यावरच्या मासीमा. फार मायाळू बाई. मीच म्हटलं, पाच मिनिटं पोरीला सांभाळा, एक चक्कर मारून येते — आणि तिचा डबा माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर! अक्कल बघा माझी.

सहा वर्षांची पोर आणि इतके उपास, असंच म्हणताय ना? महाराष्ट्र मंडळात सगळ्या म्हणतात. कसलं कौतुक! तासभर मेळा पालथा घातला आम्ही — जिलबी झाली, केक झाला, पुचका म्हणजे आपली पाणीपुरी, तीही झाली, प्रत्येक गाडीपाशी ‘आई, हे?’ आणि मी नाही म्हणायचं. मुरी, म्हणजे आपले चुरमुरे, तेवढे चालले असते, तर तो मेला वरून निमकीचा, खाऱ्या शंकरपाळ्यांचा चुरा टाकतो. शेवटी तिनं विचारायचंच सोडलं. तेव्हा वाटलं मला, पाच मिनिटं हिच्या नजरेआड व्हावं. हो, वाटलं! आईला वाटू नये?

आता तुमच्यापासून काय लपवायचं, इथून जाणार कुठे तुम्ही! उपास-बिपास काही नाही. गहू चालत नाही तिला, आतड्याचं दुखणं आहे. पोळी, रवा, मैदा — कण पोटात गेला तरी जुलाब, गेल्या दुर्गापूजेत चार दिवस सलाईन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, जन्माचं आहे. जन्माचं! मुलीची जात, उद्या कळलं तर कोण करून घेईल तिला? म्हणून मी उपास काढला — सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, वारांना काय तोटा! साबुदाणा, वरी, दाणे, कुणी आग्रहच करत नाही. ह्यांना नाही पटलं. आणि लीनालाही तेच सांगितलंय, बरं का. परवा विचारत होती, देव फक्त माझ्यावरच का रागावलाय गं —

थांबा. मासीमांनी त्यांचा स्वतःचा डबा उघडला. काय आहे ते — पांढरं, फुगलेलं — लुच्या! अहो, बंगाल्यांच्यात उपासाला भात चालत नाही, मैद्याच्या ह्या पुऱ्या चालतात! मी उपास सांगितला, आणि त्या बिचारीनं मुद्दाम उपासाचं करून आणलं! लीना! ए लीना, खाऊ नकोस! — ऐकलं, वर बघतेय. लुची दाखवतेय मला — ‘आई, उपासाची आहे! मासीमा म्हणाल्या!’ कशी हसतेय बघा! आता काय सांगू हिला, ह्यानंही उपास मोडतो म्हणू? आणि मंडळाच्या साऱ्या बायका तिथंच तिकिटाच्या रांगेत, श्यामलाबाई तर अगदी पुढे — तोंडाशी नेली हो तिनं! ही पिशवी धरा. धरा म्हणते ना! हलू दे पाळणा, उभी राहते मी —

मासीमा, तिला देऊ नका, ओके देबेन ना! ओर असुख! लीना, टाक ती, उपास नाहीये तुझा! आजारी आहेस तू, बाळा! गहू चालत नाही तुला!

टाकली. टाकली बाई. बघतायत सगळ्या वर, बघू देत. — काय म्हणतेय ती? ऐकलंत तुम्ही? ‘म्हणजे देव रागावला नाहीये ना माझ्यावर?’

द्या ती पिशवी इकडे. आणि वीज येईपर्यंत आता काही बोलू नका माझ्याशी.