गिलाव्यातली अमेरिका

भाचा : ...तर शेवटी मला शून्य मिळालं. बरं, असं काही झालंच नाही, असं समज. आत्या, पुस्तक दे.

आत्या : ग्रंथालयात मॅडम म्हणायचं.

भाचा : मॅडम, पुस्तक दे.

आत्या : द्या.

भाचा : मी काय देऊ? मीच मागतोय!

आत्या : शून्य कशात?

भाचा : झालंच नाही म्हटलं ना? अमेरिकेच्या इतिहासात. 'यादवी युद्धानंतरची पुनर्बांधणी' असा निबंध होता. तू दिलेल्या पुस्तकातून लिहिला. आधी पाया तपासावा, फुगलेला गिलावा खरवडून काढावा, ओल मुरली असल्यास घाई करू नये. सरांनी खाली लाल शाईत विचारलंय, "गुलाम कुठे आहेत?"

आत्या : पुस्तकाचं नाव 'पुनर्बांधणी'च होतं.

भाचा : खाली बारीक अक्षरात 'जुन्या इमारतींची' असं होतं.

आत्या : मग अख्खं पुस्तक वाचताना तुला नाही दिसलं ते?

भाचा : मला वाटलं, युद्धात पडझड झाली असेल. आत्या, सर पाचला निघतात. तोवर नवा निबंध दिला नाही तर वर्ष गेलं. मग बाबांच्या गॅरेजात जन्मभर टायर.

आत्या : गप रे. पोरगा पदवीधर होईल म्हणून दादाला शब्द मी दिलाय. खरं पुस्तक होतं आपल्याकडे. पण तपासणीच्या आधी प्राचार्य म्हणाले, सगळी पुस्तकं विषयवार लावा. एका दुपारात! उघडून कोण बघणार? नावं वाचली आणि लावली. अमेरिकेतल्या चहाच्या बंडाचं पुस्तक पाककलेत गेलं.

भाचा : आणि तेरा वसाहती?

आत्या : गृहनिर्माणात.

भाचा : पुनर्बांधणी?

आत्या : स्थापत्यात. तिथल्या सरांनी लगेच नेलं. मागचा जिना दुरुस्त करायला.

भाचा : अमेरिकेच्या इतिहासावरून?

आत्या : म्हणून तर जिना अजून तसाच आहे.

भाचा : फोन लाव त्यांना. लाव ना! स्पीकरवर टाक.

(फोन लागतो. पलीकडे स्थापत्यचे सर. आत्या पुस्तक परत मागते.)

सर : मॅडम, पुस्तक माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्या खिशात आहे आणि मी सासुरवाडीला आहे.

भाचा : सर, त्यात काय लिहिलंय तेवढं तरी सांगा!

सर : जिन्याबद्दल काही नाही. पण हातातून सुटेना. गुलाम मोकळे झाले. मतं दिली, शाळा काढल्या, निवडूनसुद्धा आले. काम चांगलं चाललं होतं. म्हणजे, त्यांच्या राखणीला दक्षिणेत सरकारचं सैन्य होतं तोवर.

भाचा : मग?

सर : मग पुढाऱ्यांनी आपसात सौदा केला आणि सैन्य काढून घेतलं. स्लॅब ओला असताना टेकू काढतं का कुणी? सगळं खाली आलं. त्या लोकांची मतं गेली ती पुढे कैक पिढ्या. पडलेल्या इमारती खूप बघितल्यात मॅडम, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आत्या : पान क्रमांक आठवतो का? संदर्भाशिवाय निबंध घेत नाहीत.

सर : पान कसलं आठवतंय! ठेवतो, सासरे हाका मारतायत.

आत्या : झालं. आता संदर्भाच्या जागी काय लिहिणार?

भाचा : त्या लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही, आत्या?

आत्या : अरे, घड्याळ बघ! तुझं वर्ष जातंय.

भाचा : अर्ज जोडतो. तुझा शिक्का लागेल.

आत्या : अर्ज कुणाला?

भाचा : अमेरिकन सरकारला. तेव्हाच्या. घे लिहून. "महोदय, पुस्तक कपाटात व किल्ली सासुरवाडीस असल्याने निबंधास विलंब होत आहे. अर्जदारास मुदतवाढ न मिळाल्यास हरकत नाही. मात्र दक्षिणेतील सैन्य इतक्यात मागे घेण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."