अडतिसावं पान

...आणि त्यात पुन्हा नायकाला झोप येत नाही! तुम्हाला सांगतो, गेल्या तीन वर्षांत मी एक्केचाळीस नव्या मराठी कादंबऱ्या हातात घेतल्या, आणि त्यातल्या तेहतिसांमध्ये नायकाला झोप येत नाही. पुण्यात फ्लॅट आहे, कंपनीत नोकरी आहे, बायको गॅलरीत उभी आहे, आणि हा पलंगावर पडून पंख्याकडे बघतोय. बघ बाबा, तुझा पंखा आहे. पण किती बघशील? पंख्याला तीन पाती आहेत हे मला पहिल्याच पानावर कळलं, मग पुढे काय चौथं पातं फुटणार आहे का? मी अडतीस पानं वाट पाहिली. नाही फुटलं. मिटलं पुस्तक. नेमच आहे माझा तो, अडतीस पानं. टपाल खात्यात सदतीस वर्षं नोकरी केली, वर्षाला एक पान धरलं तर सदतीस, आणि वर एक लेखकाला सवलतीचं. वीट आला हो, वीट.

तुम्ही म्हणाल, दिगंबरराव, मग दुसरं काही वाचा. वाचलं की! ऐतिहासिक घेतली. तिच्यात राजा घोड्यावर बसतो आणि सैन्याला सांगतो, "स्वतःवर विश्वास ठेवा, अपयश हीच संधी आहे." अहो, हे आमच्या जावयाला त्याचे साहेब दर सोमवारी सांगतात, त्यासाठी राजाला कशाला घोड्यावर चढवता? आणि घोडा बिचारा अख्खं प्रकरणभर उभा. मग खेड्यातली घेतली. तिच्यात दर ओळीला एक शिवी. म्हटलं असेल, वास्तव असेल, मागचं पान उलटून लेखकाची माहिती बघितली, तर जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं कोथरूडला. मग एक घेतली तिच्यात पूर्णविरामच नाही, म्हणजे एक वाक्य सुरू झालं ते चाललंय चाललंय, मधे आजी मरते, मधे पाऊस पडतो, मधे कुणीतरी भाजी आणतं, आणि माणसानं श्वास कुठे घ्यायचा, पाणी कुठे प्यायचं, पुस्तक खाली कुठे ठेवायचं याचा काही विचार नाही, आणि वर मुखपृष्ठावर लिहिलंय की ही लेखकाची धाडसी शैली, अरे धाडस आमचं, वाचणाऱ्याचं!

हे मी का सोसतो? तर मंडळासाठी. इथे तेलुगू मुलखात, काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका बाइंडरच्या दुकानावर आमचं मराठी वाचक मंडळ आहे. एक हॉल, तीस खुर्च्या आणि चार कपाटं. त्या कपाटांतली जुनी पुस्तकं कुणी विकत घेतलेली नाहीत बरं का. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली, मराठवाडा आमच्या राज्यातून तुटून तिकडे मराठी बाजूला गेला, तेव्हा आमचे निम्मे नातेवाईक आणि शेजारी औरंगाबादला, परभणीला निघाले. माझे वडील, का ते काय की, राहिले. मी बारा वर्षांचा. जाणारा एकेक जण दारात यायचा, हातात पुस्तकांचं गाठोडं, "रामचंद्रराव, तुम्ही राहताय ना? मग हे ठेवा, पुढच्या खेपेला नेऊ." पुढच्या खेपेला कुणीच आलं नाही. वडिलांनी प्रत्येक पुस्तकावर ज्याचं त्याचं नाव लिहून ठेवलं, मरेपर्यंत ते म्हणायचे, लोकांची अमानत आहे, आणि तीच पुढे मंडळाच्या कपाटांत आली. त्या कपाटांवर माझा फार जीव आहे, सांगून टाकतो, लपवण्यात काय अर्थ?

तर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी तिथे उभा राहून एका नव्या कादंबरीवर बोलतो. आणि मंडळाच्या घटनेत असं आहे, की परीक्षकानं वर्षाला निदान एक पुस्तक पसंत करायचं, मग मंडळ ते कपाटासाठी मागवणार. मी तीन वर्षं एकही पसंत केलं नाही. उभा राहायचो, म्हणायचो, "वीट आला," आणि बसायचो. मंडळी खूश असायची, वाचायची कटकट नाही, उस्मानिया बिस्किटं आणि चहा लवकर.

पण आमच्यात एक एकनाथराव आहेत. विद्यानगरचे, निवृत्त वकील, अजून कोर्टात असल्यासारखे बोलतात. दोन हजार चौदाचा जून. इकडे राज्याचे दोन तुकडे झाले, राजधानी दहा वर्षं दोघांत सामायिक ठरली, आणि तिकडे एकनाथरावांना हुरूप आला. उभे राहिले, चष्मा पुसला. "अध्यक्ष महोदया, परीक्षकांना तीन वर्षांत एकही पुस्तक पसंत पडलेलं नाही. सबब, वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. सबब, कपाटांची गरज नाही. ती रद्दीत द्यावीत आणि हॉलमध्ये योगासनं सुरू करावीत. कुणाला फारच वाईट वाटत असेल तर दोन कपाटं काचीगुड्याला, दोन विद्यानगरला, आणि हॉल दहा वर्षं सामायिक." सामायिक! रोज सकाळी पेपरात वाचायचं आणि दुपारी आमच्यावर काढायचं! एकदा झालीय हो माझी वाटणी, बारा वर्षांचा असताना, आता सत्तराव्या वर्षी पुन्हा कशाला?

आमच्या अध्यक्षा सुशीलाबाई. मुख्याध्यापिका होत्या, शहात्तर वर्षांच्या आहेत, आणि त्यांना हसताना काचीगुड्यात कुणी पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "दिगंबरराव, पुढच्या महिन्याच्या बैठकीत एक पुस्तक पसंत करा. आम्हाला पटलं तर कपाटं राहतील. नाहीतर एकनाथरावांचा ठराव मंजूर." झालं! म्हणजे ज्या वैतागावर मी तीन वर्षं टाळ्या घेतल्या, तोच कपाटांच्या मुळावर आला.

पाच कादंबऱ्या आणल्या. पाचही अडतिसाव्या पानावर मिटल्या. खोटं कौतुक करावं म्हटलं तर ते तोंडातून निघेना, आरशासमोर उभा राहून "विलक्षण ताकदीची" एवढं म्हणून पाहिलं, मलाच कसंतरी झालं. वीट, वीट!

आणि घरात शांतता असती तर एक वेळ. मुलानं डॅलसहून टॅब्लेट पाठवलाय, आईशी तोंड बघून बोलता यावं म्हणून. आई तोंड बघते, नाही असं नाही, दहा मिनिटं. बाकी दिवसभर ती त्याच्यावर गेम खेळते. आमची कुसुम! चव्वेचाळीस वर्षं जिनं मला चार वाजता चहा दिला ती आता म्हणते, "अहो, तुम्हीच ठेवा ना, मी पुलावर आहे." कसला पूल? तर त्या गेममध्ये एक पोस्टमन आहे. गाव रिकामं झालंय, सगळे निघून गेलेत, हा एकटा राहिलाय आणि थैलीत सगळ्यांची टपालं. दारोदार जायचं, किल्ली शोधायची, दार उघडायचं, पत्र ठेवायचं. इथवर ठीक. पण हा पोस्टमन लोकांच्या घरात शिरतो आणि लाथ मारून रांजण फोडतो! का? तर आत नाणी असतात. अहो, सदतीस वर्षं आम्ही दार वाजवून दोन पावलं मागे उभे राहिलो, कुणाच्या तुळशीला आमची सायकल लागू दिली नाही, आणि हा सरकारी नोकर रांजण फोडतो? मी म्हटलं, "कुसुम, याच्यावर चौकशी बसेल." ती म्हणाली, "गप बसा हो, मेला ना तो तुमच्या बडबडीनं." "मग आता?" "आता काय, तीन जीव असतात त्याला. पुन्हा बाजारातून सुरुवात." मरतो, उठतो, पुन्हा रांजण फोडतो, मधूनच साबणाची जाहिरात, पुन्हा रांजण. कादंबऱ्यांनी जेवढी शिसारी आणली नव्हती तेवढी त्या पोस्टमननं आणली.

आला रविवार. हॉल गच्च. एकनाथराव पहिल्या खुर्चीत, मांडीवर ठरावाचा कागद. चिटणीस मुकुंदराव वही उघडून बसले. कुसुम बायकांत तिसऱ्या रांगेत. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि तुम्हाला सांगतो, माझ्याकडे काहीही नव्हतं. कपाटांकडे बघितलं. वरच्या फळीवर वडिलांच्या अक्षरातली नावं दिसत होती. आणि तोंडातून निघालं, "एक गाव आहे. सगळे निघून गेलेत. एकच माणूस राहिलाय, आणि त्याच्याजवळ सगळ्यांची टपालं आहेत."

मग काय, मी सुटलोच. "कादंबरीचं नाव 'दार क्रमांक सतरा'. लेखक कुणी नवा मुलगा आहे, जालन्याकडचा. यातला नायक तीनदा मरतो."

मुकुंदराव लिहिता लिहिता थांबले. "तीनदाच का?"

"तीनच जीव दिलेत त्याला."

"वा," मुकुंदराव म्हणाले, "बालपण, तारुण्य, वार्धक्य." आणि वहीत लिहून घेतलं.

"पूल मोडून मेला की पुन्हा बाजारातून सुरुवात करतो."

"पुनर्जन्म," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि कथेच्या मधेच," मी म्हटलं, आता माझं मलाच आवरेना, "साबणाची जाहिरात येते." तर चतुराबाई, ज्या एरवी बिस्किटं येईपर्यंत डोळे मिटून बसतात, त्या म्हणाल्या, "बाजारानं माणसाचं काय करून ठेवलंय बघा." रांजणाचंसुद्धा सांगितलं. तिथे मात्र मी खरा संतापलो, रांजण फोडणं हे मला मान्य नाही, म्हटलं, लेखकाची ती मोठी चूक आहे. त्यानं तर लोकांचा विश्वास पक्का झाला, दिगंबरराव नावं ठेवताहेत म्हणजे नक्की वाचलंय.

पण शेवटाकडे आलो आणि काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणत होतो, "तो दारात पत्र ठेवतो. घेणारं कुणी नाही हे त्याला माहीत आहे. तरी ठेवतो. कारण त्यानं सांगितलं होतं, ठेवतो म्हणून." वडील आठवले हो. ओट्यावर बसून एकेका पुस्तकावर नाव लिहिताना. मी पाणी प्यालो आणि म्हटलं, "पसंत," आणि बसलो.

टाळ्या! तीन वर्षांत असल्या टाळ्या नाहीत. सुशीलाबाईंनी एकनाथरावांकडे पाहिलं. मी म्हटलं संपलं, हा वकील आता उलटतपासणी घेणार, कुठल्या प्रकाशनाची, किती पानांची. एकनाथराव उठले, सगळा हॉल त्यांच्याकडे बघतोय, आणि चष्मा पुसून म्हणाले, "मी वाचलीय ती. दोनदा. शेवट जरा घाईत उरकलाय, एवढंच." आणि ठरावाचा कागद घडी करून खिशात! त्याबरोबर आणखी चौघांनी वाचलेली निघाली. एकाला तर विद्यानगरच्या बसमध्ये वाचताना रडू आलं होतं म्हणे. कपाटं वाचली. मुकुंदरावांनी पाच प्रती मागवायचं नोंदवलं.

जिना उतरतोय तोच मागून आवाज. "दिगंबरराव, थांबा." सुशीलाबाई. त्या दोन पायऱ्या खाली आल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि शाळेत कॉपी पकडल्यावर विचारतात तशा म्हणाल्या, "त्या तिसऱ्या गल्लीतल्या विहिरीतून वर कसं यायचं?"

"विहीर?" मी म्हटलं.

"दीड महिना विहिरीत आहे मी," त्या म्हणाल्या. "नातीला विचारलं तर ती हसते. मान राहत नाही."

कुसुमनं मागून येऊन सांगितलं, "बाई, आधी घंटा वाजवायची, मग बादली येते." आणि घरी येईपर्यंत मला एवढंच म्हणाली, "पुलाचं तुम्ही चुकीचं सांगितलंत. तो मोडत नाही." आता दर गुरुवारी सुशीलाबाई आमच्याकडे असतात. दोघी सोफ्यावर, मधे टॅब्लेट, आत धडाधड रांजण फुटताहेत, आणि चार वाजता चहा मी ठेवतो. तीन कप.

एवढ्यावर सुटलो असतो तरी चाललं असतं. पण मुकुंदराव पडले कामाचे. त्यांनी पुण्याच्या एका दुकानदाराला पत्र लिहिलं, आणि त्या दुकानदारानं, त्याचं भलं होवो, उत्तर पाठवलं, "आपण मागितलेल्या कादंबरीची पहिली आवृत्ती हातोहात संपली आहे. दुसरी येताच कळवू." मुकुंदरावांनी भर सभेत ते पत्र वाचलं आणि म्हणाले, "तोवर दिगंबररावांनी स्वतःची प्रत कपाटाला द्यावी." एकनाथराव लगेच, "द्यावीच. परीक्षकांकडे प्रत असणारच, सबब हरकत नसावी. दिवाळीपर्यंत." आणि माझ्याकडे बघून असे हसले की मला सगळं कळलं. प्रत नाही आली तर ठराव त्यांच्या खिशातच आहे.

मग काय करणार? अफझलगंजहून दोन रीम कागद आणले. रोज सकाळी बसतो. लिहून झालं की छापून आणायचं, मग मंडळाखालचा बाइंडर प्रत बांधून देणार आहे, हाताळलेली दिसेल अशी. पोस्टमनला मी रांजण फोडू दिलेला नाही, तेवढं माझ्या हातात आहे. वडिलांसारखा ओट्यावर बसवलाय त्याला, पत्रं लावत. बसला. आता पुढे काय, तेच सुचेना. चार दिवस तसाच बसून होता, शेवटी मी त्याला पलंगावर झोपायला पाठवला.

काल मोजली, अडतीस पानं झालीत. सुरुवातीपासून वाचून पाहिली. शेवटच्या पानावर पोस्टमन उताणा पडलाय, वर पंखा फिरतोय, आणि त्याला झोप येत नाही.

वीट आला हो... पण मिटू कसं? माझंच आहे.