दार धरून उभी राहिलेली बाई

— नाही नाही, उठू नकोस गं मिताली, येतीलच हे एवढ्यात. पेपरच्या ऑफिसात गेलेत, आणि तिथून इथं समाला घरी यायचं म्हणजे ट्रॅफिक तुला माहीतच आहे. घे, चहा घे. तर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तेजलबद्दल हवंय तुला? मला विचार की. गुजराती पेपरात रोज तिच्या चित्रकथेच्या तीन चौकटी, आणि अख्ख्या बडोद्यात आमचे हे ‘तेजलवाळा पद्माकरभाई’. त्या चौकटींचे कायदे मला पाठ आहेत. पहिलीत कालचं आठवून द्यायचं, दुसरीत मारामारी, तिसरीत तेजलला कड्यावर लोंबकळत सोडायचं — उद्या वाचक परत आला पाहिजे ना. गुंडानं पिस्तूल रोखायचं, पण आधी आपला सगळा बेत बोलून दाखवायचा. तेजलनं घाबरायचं नाही. तिचे केस विस्कटायचे नाहीत. आणि तिचा मदतनीस — तो उशिरा यायचा. का? अगं, पुरुष आधी पोचला तर तिनं करायचं काय? असं हे सांगतात, आणि सांगताना खुशीत असतात.

गोष्ट कशी सुचते म्हणतेस? ती काय, घरातच सापडते. खालच्या मजल्यावर रखमाबाई राहतात, एकट्याच. गेल्या उन्हाळ्यात दुपारी मी भाजीला निघाले, तर त्यांचं दार अर्धं उघडं — आणि त्या तर खाली बागेत बाकावर बसलेल्या, मला जिन्यातून दिसत होत्या. मग आत कोण? डोकावले. एक माणूस कपाट उचकत होता. मी काय केलं? काही विचार केला नाही बाई, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. कडी जुनी, एका स्क्रूवर लटकलेली. तो आतून दार खेचायला लागला तशी ती निसटायला लागली, म्हणून मी कडी दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीला पाय लावून मागे रेलून राहिले. रडत होते मी, खोटं कशाला सांगू. ह्यांना हाका मारत होते. एवढा आवाज, वरच्याच मजल्यावर तर होते. शेजारचे अनुपभाई धावले, वॉचमन धावला, खालून रखमाबाई हाशहुश करत आल्या, पोलिसांना फोन झाला — आणि हे सगळ्यांत शेवटी. बोटाला शाई.

हो, ऐकू गेलं होतं त्यांना. लपवलं नाही त्यांनी. ‘नलिनी, तेजलचे केस काढत होतो, एकेक बट — मध्येच हात उचलला असता तर रेघ बिघडली असती. वाटलं, भाजीवाल्याशी वाद चाललाय तुझा.’ अगदी सरळ सांगितलं, साखर संपली सांगावं तसं. माझा खांदा निखळला होता. डॉक्टरनं जागेवर बसवला, तेव्हा हे शेजारी बसून विचारत होते, त्या चोराचा शर्ट कुठल्या रंगाचा होता गं?

मग आलंच ते पेपरात. तेजल गॅलरीतून उडी मारते, दार लाथेनं उडवते, चोर चारी मुंड्या चीत. मी म्हटलं, अहो, दार तर बंद ठेवायचं होतं. तर म्हणाले, दार धरून उभी राहिलेली बाई चित्रात चांगली दिसत नाही. लोकांना आवडलं हां. रखमाबाईंनी कात्रण फ्रिजवर लावलंय — मला दाखवून म्हणाल्या, बघ, किती शूर पोरगी.

मी सांगितलं का ह्यांना? काय सांगू? कागदावरच्या बाईवर जळते म्हणून? तिला सासू नाही, पाठदुखी नाही, वीस वर्षं झाली तरी पंचविशीचीच. सकाळी हे उठतात ते थेट तिच्याकडे. तिच्या भुवईला अर्धा तास देतात — माझ्या भुवया कशा आहेत, डोळे मिटून सांगता येईल का त्यांना? मी बघते ना मग पेपरात, रोज, चहाच्या आधी. एखाद्या दिवशी तिचं नाक चुकलेलं असतं, तर इतकं बरं वाटतं — हसू नकोस. हे लिहू पण नकोस.

लिफ्ट थांबली बघ. आले. विचार त्यांना, ती दाराची गोष्ट कशी सुचली — छान रंगवून सांगतात. मी आत जाते. मला ऐकायची नाहीये.