प्रामाणिकपणा आणि रुमाल

रुमालावरून आमच्या मातेउसची आठवण झाली. हा तरुण मिशनरी ब्राझीलहून नुकताच आमच्या चर्चमध्ये आला होता. नांदेडला तो प्रथमच मराठीतून उपदेश करणार, म्हणून भलताच उत्साहात होता. अहमदपूरच्या स्टँडवर आम्ही एसटीत बसलो, तोच खिडकीतून एक रुमाल आत येऊन समोरच्या सीटवर पडला. मातेउसने तो चटकन उचलला आणि चढणाऱ्या गर्दीतून वाट काढत खाली, खिडकीपाशी उभ्या असलेल्या आजोबांकडे धावला.

"बाबा, तुमचा रुमाल पडला!"

"पडला न्हाई, टाकला व्हता!" आजोबा कडाडले. "म्हातारीचे गुडघे दुखतेत, तिच्यासाठी जागा धरली व्हती!"

तोवर ती सीट भरली होती. मातेउसने लगेच आपली जागा आजींना दिली. मग मलाही माझी आजोबांना द्यावी लागली. नांदेडपर्यंत आम्ही दोघे उभे.

उतरताना आजोबांनी विचारले, "लेकरा, हितं काय काम करायलास?"

मातेउस आनंदाने म्हणाला, "लोकांना प्रामाणिकपणा शिकवतो."

"शिकीव की," आजोबा म्हणाले. "पर स्टँड सोडून शिकीव."