एआयचं वर्कशॉप आणि पाहण्याचा कार्यक्रम

नाही, पण मी म्हणतो, माझाच नंबर काहून लागावा? अख्ख्या कॉलेजात कॉम्प्युटरवाले इतके भरले आहेत की त्यायले बसाले खोल्या पुरत नाहीत, आणि एआयच्या संशोधनावर दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यायचं तर धरलं कोणाले? मले. धर्मेंद्र हटवार, मेकॅनिकल. तुम्हाले सांगतो, प्राचार्य भोयर सरांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं, आणि म्हणाले, "हटवार, वर्कशॉप तर तुमच्याच डिपार्टमेंटकडे असते ना?" म्हटलं, सर, ते लेथ मशीनचं, वेल्डिंगचं. तर म्हणे, "हो ना, मंग सवय आहे तुम्हाले." मी मेकॅनिकलचा माणूस जी… मले काय करायचं होतं एआयचं?

पण नाही म्हणता आलं नाही. काहून, तर यंदा मेकॅनिकलले ॲडमिशनच नाहीत. वर्गात पोट्ट्यांपेक्षा पंखे जास्त. शाखाच बंद करा म्हणून मॅनेजमेंट मागं लागलेलं, आणि भोयर सर म्हणाले, हे नीट पार पाडलं तर नोकरीत ठेवायच्या यादीत तुमचं नाव मी वर ठेवतो, नाही पाडलं तर… आणि 'तर'च्या पुढं बोललेच नाहीत, खिडकीतून हिंगण्याच्या कंपन्यांकडे पाहत बसले. त्या खिडकीत मले माझं भविष्य दिसून राहिलं होतं, युनिफॉर्म घालून कंपनीच्या बसची वाट पाहत उभं असलेलं.

तर तज्ज्ञ शोधाले लागलो. एकानं विचारलं, विमान सकाळचं की दुपारचं? म्हटलं, सर, ट्रेन आहे. फोन कट. दुसऱ्या म्हणाल्या, नागपूर? आणि एप्रिलमध्ये? अन् अशा हसल्या, जसं मी त्यायले भट्टीत बसाले बोलावून राहिलो. शेवटी मिनल म्हणाली, मिनल म्हणजे आमच्या सौभाग्यवती, "अहो, पुष्पलताकाकूंचा दुर्गेश बंगलोरले तेच करते ना?"

आता पुष्पलताकाकू आमच्या प्रताप नगरातल्या शेजारी, भिंतीले भिंत लागून. काका वारले, एकुलता एक मुलगा, एआयमध्ये पीएचडी, पण चार वर्षं झाली, घरी येण्याचं नाव नाही, दर दिवाळीले काही ना काही काम निघतेच. मी भिंतीवरून विचारलं, काकू, येईल काय हो? काकू हसल्या. असं हसणं मी शेजारच्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिलं. म्हणे, "कॉलेजचं बोलावणं आहे म्हटल्यावर त्याले नाही म्हणता येणार नाही. तुम्ही तारीख सांगा फक्त." मी म्हटलं, वा, काय शेजारधर्म!

मंग माहितीपत्रिकेसाठी त्याचा बायोडाटा मागितला. काकूंनी त्याच घडीले मोबाईलवर पाठवला, मी न उघडताच छापखान्यात पाठवला, आणि छापून आलं… मुख्य वक्ते डॉ. दुर्गेश, वर्ण गव्हाळ, रास कन्या, निर्व्यसनी, अपेक्षा: मुलगी मनमिळाऊ असावी. भोयर सरांनी सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "हे अपेक्षेचं मॅनेजमेंटले विचारून टाकलं काय?" मी मेकॅनिकलचा माणूस जी! माझ्याकडे आजपर्यंत बायोडाटा म्हणून जे काही आलं ते नोकरीसाठीच आलं. मले काय माहीत, त्यातही प्रकार असतात!

बरं, वर्कशॉपचा दिवस उजाडला. हॉल गच्च भरलेला, वर्धा-अमरावतीकडूनही प्राध्यापक आलेले, दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि दुर्गेश गायब. फोन बंद. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमले म्हटलं, सत्कार करत राहा. म्हणे, कोणाचा? म्हटलं, जो दिसन त्याचा. आणि गाडीले किक मारून मी सरळ प्रताप नगर.

काकूंच्या दारात चपलाच चपला. आत पाहतो तर दुर्गेश इस्त्रीचा कुर्ता घालून सोफ्यावर बसलेला, नजर खाली, जसा काही परीक्षेत कॉपी करताना सापडला. समोर रामदासपेठेतले सुशीलराव कळंबे, त्यांच्या मिसेस, आणि त्यांची मुलगी सोनिका, फिजिओथेरपिस्ट आहे. पाहण्याचा कार्यक्रम! माझ्या वर्कशॉपच्या दिवशी, माझ्याच बोलावण्यावर आलेल्या माणसाचा! काकू म्हणाल्या, पाहणं पूर्ण झाल्याशिवाय पोरगा हलणार नाही, इतक्या वर्षांनी हाती लागला आहे. दुर्गेशले तर सकाळी उठल्यावर कळलं होतं म्हणे. तरी आईनं दिलेला कुर्ता घालून बसला होता.

मी हात जोडले. "काकू, तिकडं हॉल भरून माणसं बसली आहेत, माझी नोकरी आहे हो ही." काकूंनी माझ्या हातात पोह्यांची प्लेट दिली. आता सांगा, कोणाले उतरतील ते पोहे? आणि तुम्हाले खरं सांगतो, विचार करून नाही, माणूस बुडताना हातपाय मारते तसं माझ्या तोंडून निघून गेलं, सगळेच चला ना तिकडं, हॉल थंडगार आहे, जेवण आहे, आणि मुलगा कामात कसा आहे तेही दिसन.

मले वाटलं, सुशीलराव भडकतील. ते उठून उभेच राहिले. म्हणे, "कामावरचा मुलगा पाहाले कोणाले भेटते? चला."

निघाली वरात. पुढं माझी मोटारसायकल, मागं सुशीलरावांची ती लांबलचक गाडी. भोयर सर पोर्चमध्येच उभे. त्यांनी गाडी पाहिली, सुशीलरावांचा पांढराशुभ्र शर्ट पाहिला, आणि दिल्लीचं कोणीतरी आलं समजून त्यांना सरळ स्टेजवर नेऊन शाल-श्रीफळ दिलं. सुशीलरावांनीही असं घेतलं, जसं ठरलंच होतं. काकू, सोनिका, तिची आई पहिल्या रांगेत. मी मागच्या भिंतीले टेकून उभा. मी मेकॅनिकलचा माणूस, मशीन गरम झाली की बंद करता येते… हे कुठून बंद करू?

दुर्गेश बोलाले लागला. पहिले पुटपुटला, मंग हळूहळू खुलला. म्हणे, ही यंत्रं उत्तर येत नसलं तरी ठोकून देतात, तेही इतक्या आत्मविश्वासानं की समोरच्याला खरंच वाटतं. माझं संशोधन एवढंच, की यंत्राला जे माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणायला शिकवायचं. खूप अवघड आहे ते, म्हणे. खोटं सांगत नाही, पोट्ट्यांनी मोबाईल खाली ठेवले. मलेही समजलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मले वाटलं, नाही, हे काहीतरी चांगलं काम करून राहिलो आपण.

मंग प्रश्नोत्तरं. पहिला माईक सुशीलरावांनी घेतला. विचारलं, बंगलोरचा फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? दुर्गेशनं सांगितलं, भाड्याचा. वर्ध्याच्या एका प्राध्यापकांनी तेही लिहून घेतलं. आणि मंग सोनिका उठली. मुलगी शांत, आवाज चढला नाही की काही नाही. म्हणाली, "सर, तुम्ही यंत्राला 'माहीत नाही' म्हणायला शिकवता. तुम्हाला स्वतःला आईला 'नाही' म्हणता येत नाही का?"

भोयर सर माझ्याकडे पाहाले लागले, मी छताकडे. दुर्गेशनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि इतका वेळ शुद्ध बोलणारा पोरगा एकदम घरच्या बोलीवर आला.

"नाही येत," म्हणे. "आई, तिथं एक मुलगी आहे. उन्नती. माझ्यासोबतच काम करते. तुले कधीपासून सांगीन म्हणतो, म्हणूनच घरी येणं टाळून राहिलो होतो."

काकू उठल्या, पर्स उचलली आणि बाजूच्या दरवाज्यातून निघून गेल्या. मी मागं धावलो. काकू पाण्याच्या कूलरजवळच्या बाकावर बसल्या होत्या. मले वाटलं, आता शिव्या बसतील, बसाले पाहिजेच होत्या. पण त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्यांले ऐकू गेलं काय जी?"

म्हटलं, माईक चालू होता काकू.

काकूंनी पर्समधून रुमाल काढला. मंग म्हणाल्या, "माझ्या भीतीनं पोरगा चार वर्षं घरी आला नाही. अन् मले वाटे, काम असते." मी त्यांच्या बाजूला बसून राहिलो. असं काही दुरुस्त कराले मले कोणी शिकवलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर काकू उठल्या. "तुमच्या कार्यक्रमात झालं हे," म्हणे. "आता बंगलोरले मुलगी पाहाले तुम्हीच यायचं, त्याच्या बाबांच्या जागी." अहो, दुर्गेशपेक्षा मी दहा वर्षांनी मोठा असेन फार तर! पण त्या डोळ्यांपुढं नाही कोण म्हणते?

सुशीलराव शाल-श्रीफळ घेऊन तावातावानं निघून गेले. सोनिका नाही गेली. पोट्ट्यांसोबत जेवली, आणि जाताना मले म्हणाली, सर, आतापर्यंतच्या पाहण्याच्या कार्यक्रमांत मला प्रश्न विचारायची संधी पहिल्यांदाच मिळाली. दुसऱ्या दिवशी दुर्गेश असा मोकळा बोलला की लोक जेवाले उठून राहिले नव्हते. सगळ्यांनी अभिप्रायात लिहिलं, प्रश्नोत्तरांचं सत्र फार जिव्हाळ्याचं. भोयर सर खूश. मेकॅनिकल बंद होणारच म्हणे, पण माझी नोकरी राहिली, एआय संशोधन समन्वयक म्हणून. मी! मेकॅनिकलचा माणूस!

परवा भोयर सरांकडे रजेचा अर्ज घेऊन गेलो. सगळं सांगितलं, काकूंसोबत बंगलोरले जायचं आहे, मुलगी पाहाले. सरांनी विचारलं, मुलगीही एआयमध्येच आहे ना? म्हटलं, हो सर. त्यांनी लगेच सही केली आणि म्हणाले, "मंग पाहतच आहात तर पुढच्या वर्षीच्या तिच्या लेक्चरची तारीखही ठरवून या. अन् मानधनाचं काढू नका, हटवार. आता काय, घरचीच होणार आहे."